मी काढायला लावलेल्या ओळी

माझा थोरला भाऊ मंगरूळपीरच्या शिवेवर वांगी, मेथी आणि सांबार पिकवतो. सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर. दुसऱ्या जिल्ह्यातल्या वाचकांनी वाटी घेऊन बसू नये. पुण्याची नोकरी संपवून मी इकडे राहायला आले तेव्हा दादाने पहिल्याच आठवड्यात मला ओट्यावर समोर बसवलं आणि विचारलं, “आता तरी सांग वं, इतकी वर्षं तू करत काय होती?”

मी सांगितलं, लोक प्रोग्रॅम लिहितात, त्यात चुका राहतात. त्या शोधायचं एक साधन असतं. त्या साधनात कोणी काही नवीन घातलं की ते तपासायचं, आणि ते कसं वापरायचं हे नीट लिहून ठेवायचं.

“म्हणजे दुसऱ्याच्या चुका काढाच्या.”

“हाव.”

“त्या तं तू लहानपणापासून घरी बसूनच काढत होती. त्याच्यासाठी पुण्याले कायले गेली?”

मी हसण्यावारी नेलं, पण दादाचं खरं होतं. चुका काढणं हा माझा स्वभावच, आणि नशिबाने कामही तेच मिळालं. एकदा मात्र चूक माझी होती आणि ती मी दुसऱ्याच्या नावावर राहू दिली. या अंकासाठी कामातल्या आठवणी लिहा असा निरोप आला तेव्हा गमतीजमती लिहाव्यात असं ठरवलं होतं. त्या थोड्या लिहितेही. पण आधीच सांगून टाकते, मी लिहायला बसले आहे ती त्या एका चुकीपायी.

माझा जन्म पन्नासच्या दशकातला, आसेगावचा. तेव्हा आमचा जिल्हा अकोला होता, गावात वीज नव्हती, आणि पुढे मी ज्या कामावर पोट भरणार होते त्याला मराठीत शब्द नव्हता. तो अजूनही नाही. म्हणून आधी ते काम काय ते सांगते.

प्रोग्रॅम म्हणजे कॉम्प्युटरला दिलेल्या सूचनांची यादी. ती लाखभर ओळींची असते आणि कॉम्प्युटर ती डोळ्याचं पातं लवायच्या आत वाचून मोकळा होतो. एका ओळीत चूक असली की शेवटचं उत्तर चुकतं, पण कुठे चुकलं ते कळत नाही. विहिरीवरची मोटर बिघडली तर खोलून बघता येते. प्रोग्रॅमचं तसं नाही; तो चालू असतो तेव्हाच त्याच्या पोटात काय ते असतं. डिबगर नावाचं साधन त्या चालत्या प्रोग्रॅमला हव्या त्या ओळीवर उभं करतं. थांब रे बाबा म्हणायचं, आत डोकवायचं, कोणत्या खणात काय ठेवलं आहे ते पाहायचं आणि मग एकेक ओळ पुढे सोडायचं.

थांबलेल्या प्रोग्रॅमला विचारायचे काही प्रश्न डिबगरमध्ये तयार करून ठेवलेले असतात. हा मजकूर किती अक्षरांचा? हे दोन मजकूर सारखे आहेत का? अशा तयार प्रश्नाला आम्ही अंगभूत फंक्शन म्हणतो. नवीन फंक्शन कोणीही लिहून पाठवू शकतं, कारण आमचा डिबगर कोणा एका कंपनीचा नाही. जगभरची माणसं हौसेने तो सांभाळतात. पाठवायचं ते एका सामाईक मेल-यादीवर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. तिथेच तपासणारे शेरे मारतात, पाठवणारा दुरुस्ती करून दुसरी आवृत्ती पाठवतो, मग तिसरी, चौथी. तपासणाऱ्याचं समाधान झालं की तो आपल्या नावाने मंजुरीची एक ओळ लिहितो, आणि मगच ते आत जातं. कोणी, कधी, कोणती ओळ घातली किंवा काढली, याची नोंद कायम राहते. ती पुसता येत नाही. म्हणून एक नियम फार कडक: जे बोलायचं ते यादीवर, आडून काही नाही. नवीन माणसांना हा नियम समजावून सांगायचं काम माझ्याकडे होतं. हसू नका.

मॅन्युअल माझ्या ताब्यात होतं. मॅन्युअल कोणी आवडीने वाचत नाही. काम अडलेलं असतं, साहेब मागे उभा असतो, आणि माणूस पाच ओळी वाचतो. त्या पाच ओळींत सगळं यायला हवं, म्हणून मी शब्दाशब्दावर भांडत असे. एकदा थंडीच्या देशातल्या एका गृहस्थांनी मला लिहिलं, “आपण या पानावर ‘बहुधा’ असा शब्द वापरला आहे. बहुधा नसतं तेव्हा काय होतं?” मी मनात म्हटलं, काय उपद्व्यापी माणूस आहे. पण उत्तर शोधायला गेले तर कोणालाच ते माहीत नव्हतं. आठ दिवस खणल्यावर तिथे वीस वर्षांची जुनी चूक निघाली. त्या दिवसापासून मी मॅन्युअलमध्ये ‘बहुधा’ येऊ दिला नाही, आणि ते गृहस्थ दर नाताळात मला शुभेच्छा पाठवतात.

दुसरा एक किस्सा नोकरीतला. एका गिऱ्हाइकाचा प्रोग्रॅम रोज दुपारी कोलमडायचा. आम्ही डिबगर लावून बसलो की दिवसभर शहाण्यासारखा चालायचा. बघायला लागलं की चूक पळायची, कारण बघण्यानेच प्रोग्रॅमची चाल किंचित बदलायची. गिऱ्हाईक म्हणालं, “मग मॅडम, तुमचा डिबगर लावूनच ठेवा ना कायमचा!” खरंच आठ दिवस लावून ठेवला होता. या प्रकाराची मी इतकी धास्ती घेतली, की पुढे अंगभूत फंक्शनांवरचा धडा लिहिताना पहिल्याच परिच्छेदात ठणकावून लिहिलं: या धड्यातला कोणताही प्रश्न चालू प्रोग्रॅमला धक्का लावत नाही. तेव्हा ते अक्षरशः खरं होतं. ते वाक्य माझं लाडकं होतं.

आता प्रेमदासकडे येते. हे त्याचं खरं नाव नाही.

मंगरूळला आल्यावरही यादीचं काम मी घरून चालूच ठेवलं होतं; एक दिवस तिथे एक नवीन फंक्शन आलं. प्रोग्रॅमच्या पोटात माहिती पुष्कळदा साखळीसारखी ठेवलेली असते, एका कडीत पुढच्या कडीचा पत्ता. साखळीत किती कड्या आहेत हे डिबगरमध्ये बघायचं तर एकेक कडी हाताने उलगडत जावं लागे. या माणसाने एका प्रश्नात ते मोजून देणारं फंक्शन लिहिलं होतं. कल्पना झकास होती, पण सोबतचं लिखाण वाचवत नव्हतं. इंग्रजी मोडकंतोडकं, वाक्याला शेंडा ना बुडखा. मी पहिल्याच खेपेला तेवीस शेरे मारले.

त्यातला एक शेरा मी आजही अभिमानाने सांगते. साखळीची शेवटची कडी चुकून पहिल्या कडीलाच जोडलेली असली तर? मग फंक्शन मोजतच बसेल, गोल गोल, जन्मभर. त्याने ते मान्य केलं आणि मोजणीला मर्यादा घातली. पण सातव्या शेऱ्यावर त्याने सरळ लिहिलं, “मॅडम, मी सहमत नाही,” आणि खाली चार कारणं दिली. चारही बरोबर होती. माझं नाक कापलं गेलं, पण माणूस आवडला. यादीवर मला नाही म्हणणारे कमी.

असं करत आम्ही सहाव्या आवृत्तीपर्यंत आलो आणि तो दोन दिवस गप्प झाला. मी यादीवर खवचटपणे विचारलं, आपल्याला अजून रस आहे का? त्याचं उत्तर आलं, “क्षमस्व. कालपासून आमचा मानोऱ्याचा फीडर बंद आहे. हे मोबाइलवरून लिहितो आहे.”

मी ते वाचलं तेव्हा माझ्याही डोक्यावरचा पंखा बंदच होता. मानोरा! मंगरूळहून एसटीने तासाभराचं गाव. नंबर मागवून मी लगेच फोन लावला.

“कोण बोलते?”

“बाबू, मी मंगरूळवरून बोलून राह्यली. तुह्या साखळीवर तेवीस शेरे मारणारी बाई.”

“बाप्पा! मॅडम तुमी? मले वाटलं तुमी फॉरेनच्या हा!”

“मी आसेगावची हाये रे.”

“मंग इतकं इंग्रजीत काहून भांडलो आपुन?”

त्या दिवशी आम्ही तासभर बोललो. प्रेमदास अडतीस वर्षांचा, मानोऱ्याजवळच्या तांड्यावरचा. आईबापांचा जन्म ऊसतोडीत गेला. तांड्यातली अर्धी घरं अजूनही दसऱ्यानंतर कुलूप लावून तोडीला जातात. तो मामाकडे राहून शिकला, मानोऱ्यातल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये दहा वर्षं टायपिंग शिकवलं, आणि तिथल्याच मशिनवर एकट्याने प्रोग्रॅमिंग शिकला. तीन वर्षांपासून पुण्याची एक लहान कंपनी त्याला घरबसल्या काम देत होती, कंत्राटावर. त्याची बायको तेव्हापासून तोडीला गेली नव्हती. कंपनीने त्याला सांगितलं होतं, तुझं फंक्शन डिबगरच्या पुढच्या आवृत्तीत गेलं तर तुला कायम करू. म्हणून त्याची धडपड चालली होती. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी इंग्रजीत ‘देतो’ लिहावं का ‘देत आहे’ यावर त्याला छळत होते.

फोन ठेवताना तो मला मावशी म्हणाला. मला फार बरं वाटलं. चाळीस वर्षं मी या कामात कोणाची मावशी नव्हते.

त्याच्या फंक्शनची आठवी आवृत्ती आली तेव्हा डिबगरची पुढची आवृत्ती बाहेर पडायला दोन दिवस उरले होते. ते दोन दिवस गेले की दार सहा महिने बंद. फंक्शन आता उत्तम झालं होतं. लिखाणही सुधारलं होतं, फक्त शेवटी चार ओळींचं एक शेपूट होतं. त्यात म्हटलं होतं की कड्या मोजायला हे फंक्शन प्रोग्रॅमचाच काही भाग चालवून घेतं, म्हणून चालू कामावर ते लावू नये, प्रोग्रॅम अडकून पडू शकतो. मजकूर बरोबर होता. भाषा मात्र ओबडधोबड. ती सुधारायची तर आणखी दोन खेपा झाल्या असत्या, आणि दार बंद झालं असतं.

मला त्याचं काम व्हावं असं मनापासून वाटत होतं. आणि मला पक्कं आठवत होतं की धोक्याचं जे काय आहे ते मी धड्याच्या सुरुवातीला लिहून ठेवलं आहे. मी यादीवर लिहिलं नाही. त्याच्या एकट्याच्या पत्त्यावर, आपल्या बोलीत लिहिलं:

“प्रेमदास, त्या शेवटच्या चार ओळी काढून टाक. धड्याच्या सुरुवातीले मी सारं लिहून ठेवेल हाये, इथं परत कायले पाह्यजे? आजच नवीन पाठव, मी लगेच मंजुरी देते.”

पाच मिनिटांत उत्तर आलं. “मावशी, त्या राहू द्या नं. मले वाटते लागतीन.”

“अरे बाबू, तू क्लासात टायपिंग शिकवत होता तवापासून मी हे मॅन्युअल लिहून राह्यली. नाही लागत म्हणते तं नाही लागत.”

“बरं मावशी.”

नववी आवृत्ती आली, चार ओळी नव्हत्या. मी मंजुरी दिली. फंक्शन आत गेलं, प्रेमदास कायम झाला. पुढच्या रविवारी तो बायकोला घेऊन पेढे द्यायला मंगरूळला आला. दादाने त्यांना पिशवीभर वांगी दिली आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, “हे एक चांगलं केलं तू.”

धड्याच्या सुरुवातीला मी खरोखर काय लिहिलं होतं, ते वर सांगितलं आहे: कोणताही प्रश्न चालू प्रोग्रॅमला धक्का लावत नाही. मी ते उघडून पाहिलं नाही. स्वतःचं लिखाण कोण तपासतं? चार ओळी निघाल्या आणि मॅन्युअल साफ खोटं बोलायला लागलं.

पाचेक महिन्यांनी प्रेमदासच्याच कंपनीतल्या एका वरिष्ठाने ते फंक्शन वापरलं. एका दूध संघाचं संकलनाचं काम त्यांच्या प्रोग्रॅमवर चालायचं. सकाळी तो प्रोग्रॅम मंद झाला. वरिष्ठाने चालू कामालाच डिबगर लावला, धडा उघडला, धक्का लागत नाही असं वाचलं, आणि साखळी मोजायला सांगितली. प्रोग्रॅम जागच्या जागी गोठला. टँकरना नंबर मिळेनात, उन्हात रांग लागली, आणि दुपारपर्यंत दूध नासलं.

त्याने यादीवर संतापून पत्र लिहिलं. आमच्या लोकांनी नोंदी उघडल्या. आठव्या आवृत्तीत इशारा आहे, नवव्यात नाही. काढणाऱ्याचं नाव प्रेमदास. कोणीतरी विचारलं, “यादीवर कोणीही हा मजकूर काढायला सांगितल्याचं दिसत नाही. मग आपण तो का काढला?”

मी मेथी निवडत होते. ताट बाजूला ठेवलं आणि स्क्रीनकडे बघत बसले. अर्ध्या तासाने त्याचं उत्तर आलं. “चूक माझी. मला वाटलं त्याची गरज नाही.”

मी उत्तर लिहायला घेतलं. दोन ओळी लिहिल्याही. मग पुसल्या. स्वतःला म्हटलं, मंजुरीच्या ओळीत माझंही नाव आहेच की, लोकांना कळेलच. एकाने लिहिलं, तपासणाऱ्याच्या नजरेतून हे सुटायला नको होतं. त्यावर दुसऱ्याने माझी बाजू घेतली: या बाईंनी हजारो बदल तपासले आहेत, एखादा सुटायचाच. लिहायलाच बसले आहे तर हेही लिहिते, ते वाचून मला बरं वाटलं.

मग मी इशाऱ्याच्या त्या चार ओळी परत घातल्या. धड्याची सुरुवातही दुरुस्त केली. चार ओळींच्या दोन केल्या, अगदी चोख. दहा मिनिटांचं काम होतं. सहा जणांनी माझे आभार मानले. लाज वाटते मला, पण मी त्या सहा जणांना उलट धन्यवादही दिले.

प्रेमदासला फोन केला तर म्हणाला, “काही नाही मावशी, होते असं. चालू हाये.” मी तेवढ्यावर समाधान मानलं. मला तेवढंच हवं होतं. महिन्याभराने दुसऱ्याच कशासाठी त्याच्या कंपनीच्या पत्त्यावर मेल पाठवली आणि ती परत आली. असा पत्ता अस्तित्वात नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने मी मानोऱ्याला गेले. तांड्यावर त्याच्या घरी म्हातारी आई आणि शाळेतून आलेली मुलगी होती. दसरा होऊन गेला होता, बरीच दारं बंद होती. मी विचारलं, सूनबाई कुठे? म्हातारी म्हणाली, “तोडीले गेली नं बाई यंदा. पगार बंद झाला नं त्याचा.” मी पाण्याचा पेला तसाच ठेवला आणि क्लासकडे निघाले.

प्रेमदास क्लासमध्ये भेटला. जुन्याच खुर्चीवर, दहा-बारा मशिनांच्या मधोमध. मला बघून उठला, मुलांना सुट्टी दिली, चहा सांगितला. मी चहा येण्याची वाट पाहिली नाही.

“प्रेमदास, त्या ओळी मी काढाले लावल्या होत्या. तुवा तं नाही म्हटलं होतं.”

“मले माहीत हाये मावशी. पत्र मलेच तं आलं होतं.”

“अजून हाये तुह्यापाशी?”

“हाव.”

“मंग यादीवर काहून नाही टाकलं? कंपनीवाल्याइले काहून नाही दाखवलं? एका मिनिटात सुटला असता तू!”

तो एका कीबोर्डवरची धूळ हाताने पुसत राहिला. “मावशी, तीन वर्षं या कामात जे आलं ते इंग्रजीत आलं. साहेबाचं इंग्रजीत, यादीवरचं इंग्रजीत. आपल्या बोलीत मले एकाच माणसानं लिवलं. ते पत्र साक्षीले उभं करू काय?”

मी रडले. त्याच्यासमोर, त्या क्लासमध्ये, चहावाला पोरगा पेले घेऊन दारात उभा असताना. प्रेमदासच घाबरला. “आता काहून रडता वो? झालं ते झालं,” म्हणत राहिला.

परत येताना सगळा रस्ता एकच विचार डोक्यात होता. यादीवर, इंग्रजीत, या माणसाने मला तोंडावर सांगितलं होतं की मॅडम, मी सहमत नाही. तिथे मी फक्त एक तपासणारी होते आणि तो माझ्या बरोबरीचा होता. मी त्याला आपल्या बोलीत ओढलं, मावशी झाले, आणि मावशीला आपल्याकडे कोणी नाही म्हणत नाही. सगळं यादीवर बोलावं हा नियम मला वाटायचं कागदोपत्री शिस्तीसाठी आहे. तो प्रेमदाससारख्यासाठी आहे, हे मला चाळीस वर्षांनी कळलं, तेही त्याचं घर बसल्यावर.

घरी पोचल्याबरोबर मी यादीवर सगळं लिहिलं. खाजगी पत्र, त्याचा नकार, माझं उर्मट उत्तर, भाषांतर करून, शब्दाला शब्द. त्याच्या कंपनीलाही पाठवलं. यादीवरून तीन उत्तरं आली, तिन्ही सभ्य. खुलाशाबद्दल आभार, नोंद घेतली. कंपनीने कळवलं, समजलं, पण जागा भरली गेली आहे. नववी आवृत्ती मात्र जशीच्या तशी आहे. कोणीही उघडून पाहिलं तर त्या ओळी प्रेमदासनेच काढलेल्या दिसतात, आणि कायम दिसतील. मी दादाला सगळं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “आंधीच सांगाले पाह्यजे होतं वं.” एवढंच म्हणाला. त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

यंदा उन्हाळ्यात यादीवर कोणीतरी सुचवलं की साखळीसारखंच झाडाच्या आकाराची माहिती मोजणारं फंक्शन हवं, आणि ज्याने साखळीचं लिहिलं त्यानेच हे करावं. या वेळी कोणी पैसे देणारी संस्थाही तयार होती. दोघातिघांनी मला विचारलं, तुमची ओळख आहे, तुम्ही बोला. मी फोन लावला, सगळं सांगितलं.

“तुमी काय म्हणता मावशी?”

“मी नाही म्हणत काही. तू सांग. तुले कराचं हाये काय?”

“तुमी म्हणसान तं करतो.”

“प्रेमदास, माह्यासाठी नोको करू. तुले नोको वाटत असन तं सरळ नाही म्हण. मले चालते. मले तेच पाह्यजे.”

त्याच्या मागे मुलं टायपिंग करत असल्याचा आवाज येत होता. मी वाट पाहिली. दोनदा त्याने काहीतरी बोलायला श्वास घेतलेला ऐकू आला.

“बरं मावशी,” तो म्हणाला, “तुमी सांगा नं काय करू ते.”